मामाने पाठ दाखवली

मामाच्या घरी टीव्हीच्या वर एक फोटो लावलाय. डोक्याला फेटा, अंगावर शाल, उजवा हात गळ्यातल्या झोळीत अडकवलेला आणि डावा हात असा पुढे केलेला, पंजा उघडा, कुणाला तरी थांबा म्हटल्यासारखा. येणारा-जाणारा विचारतो की हे काय, सत्काराचा फोटो आणि हा माणूस नको नको का म्हणतोय. तर तो खरंच नको म्हणत होता. फोटोवाला त्याला म्हणत होता, मामा, हातात आकडा घ्या, आकड्याशिवाय हमाल वाटत नाही. कुणीतरी दुसऱ्या हमालाचा आकडा आणून पुढे पण केला. मामाने तो घेतला नाही, आणि तेवढ्यात फोटो निघाला.

हा आकडा काय असतो ते आधी सांगते, कारण आमच्या घरात पुढे जे काय झालं ते सगळं त्या आकड्याभोवतीच फिरतंय. वीतभर वाकवलेलं लोखंड, टोकाला धार नाही पण अणकुचीदार, आणि धरायला लाकडी मूठ. पोत्याच्या कोपऱ्यात तो अडकवायचा, एक हिसका द्यायचा आणि पोतं पाठीवर घ्यायचं. प्रत्येकाच्या आकड्याची मूठ त्याच्याच तळहाताला बसलेली असते, म्हणून कुणी कुणाचा घेत नाही. मामाचा आकडा नंदगडच्या लोहाराकडून केलेला, मी लहान होते तेव्हापासून तोच. काम नसलं की कमरेला खोचलेला आणि काम असलं की हातात.

मामा बेळगावात रविवार पेठेत हमाली करायचा, तीस वर्षं. मूळचा खानापूर तालुक्यातला, नंदगडपासून जवळ. रविवार पेठ ज्यांनी बघितलीय त्यांना सांगायला नको, सकाळी नऊला तिथं टेम्पो, हातगाड्या, गुळाच्या ढेपा, मिरचीचा ठसका, मधूनच एखादं बासमतीचं पोतं फुटलं की त्याचा वास, आणि या सगळ्यातून वाकून चाललेली माणसं ज्यांचे चेहरे दिसत नाहीत. पूर्वी क्विंटलची पोती असायची, एका माणसाच्या पाठीवर शंभर किलो, नंतर पन्नासची झाली. मामा म्हणायचा शंभरच्या पोत्यात एक होतं, दिवसाला खेपा कमी व्हायच्या. डोक्यावरनं पाठीवर सोडायची गोणपाटाची खोळ असते, तिला आतून मामीने जुन्या लुगड्याचे दोन थर शिवून दिलेले. ही खोळ पण लक्षात ठेवा.

डिसेंबर २०२२. आमच्याकडच्या लोकांना तो महिना आठवत असेल. सीमाप्रश्न परत तापलेला, हिरेबागेवाडीला महाराष्ट्राच्या नंबरच्या गाड्यांवर दगड पडले, तिकडे त्याचे पडसाद उमटले, बस बंद, पुन्हा चालू, पुन्हा बंद. मी पुण्याला होते. दुपारी ऑफिसात जेवताना व्हॉट्सअपवर एक व्हिडिओ आला, चाळीस-पंचेचाळीस सेकंदांचा, खाली लिहिलेलं बेळगाव मार्केटमध्ये भरदिवसा हल्ला. असले व्हिडिओ मी बघत नाही, पण बेळगाव म्हटल्यावर बोट गेलं. एक माणूस हातात विळा घेऊन, समोर एक मुलगी खाली पडलेली, लोक मागे सरकतायत, कॅमेरा हलतोय, आणि मग एक जण मध्ये येतो आणि त्या मुलीवर वाकतो. त्याचा चेहरा दिसतच नाही. पाठ दिसते फक्त. गोणपाटाची खोळ घातलेली रुंद पाठ, डावा खांदा उजव्यापेक्षा थोडा खाली.

मी त्या पाठीवर बसून नंदगडच्या जत्रेला गेलेय. मला चेहरा बघायची गरजच नव्हती.

रात्रीची ट्रेन धरली, मिरजेवरून पहाटे बेळगाव. आख्ख्या वाटेत तो व्हिडिओ परत लावला नाही, लावायची हिंमत नव्हती, पण डोळे मिटले की तीच पाठ. हॉस्पिटलात गेले तर मामा पालथा झोपलेला, उजव्या खांद्यावर मोठं बँडेज, आणि मला बघून म्हणतो, "काय गे, एवढ्या लांबनं कशाला आलीस, रजा मिळाली काय?" डॉक्टर म्हणाले वार खोल आहे, स्नायू कापलाय, पण गोणपाट आणि आतलं ते कापड नसतं तर विळा हाडात गेला असता. मामी बाहेर बाकड्यावर बसून ती फाटलेली खोळ मांडीवर घेऊन बसलेली, रक्त वाळून कडक झालेली, आणि टाका कुठून सुटलाय ते बघत होती. पोलिसांनी येऊन ती मागितली तर देईना. शेवटी दिली.

काय झालं ते मामाने मला तुकड्या तुकड्यानं सांगितलं, एकदम कधीच नाही. पोतं पाठीवर होतं, तांदळाचं, टेम्पोच्या फळीवरनं उतरत होता. ओरडणं ऐकलं. मुलगी "अव्वा" म्हणून ओरडली. त्याने पोतं सोडलं. आणि मग, हे महत्त्वाचं, हातातला आकडा लांब भिरकावला. नंतर गेला. मी विचारलं, अरे पण समोरच्याच्या हातात विळा, तुझ्या हातात आकडा होता, तो का टाकलास? तर म्हणाला, "असता तर मी पण मारलाच असता की गे. मग तिच्याकडं कोण बघणार?" एवढंच. मग कूस बदलायला गेला आणि कळवळला, आणि मी पुढं विचारलं नाही.

हे वाक्य माझ्या डोक्यातून जातच नाही. इतकी वर्षं. कारण मला वाटायचं की असल्या क्षणी माणूस काही विचार करत नाही, तो फक्त धावतो. मामाने विचार केला होता. पोतं पडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळात त्याने ठरवलं होतं की मला लढायचं नाहीये, मला झाकायचंय. आणि मग त्याने तेच केलं जे तीस वर्षं करत आला होता, वाकला आणि पाठ पुढे केली. हमालाचं शरीर तसंच शिकलेलं असतं, ओझं आलं की छाती नाही पुढे करायची, पाठ करायची. शाळेत आम्हाला वाक्प्रचार होता, पाठ दाखवणे म्हणजे पळून जाणे, भित्रेपणा करणे, वाक्यात उपयोग करा. मामाने विळ्याला पाठ दाखवली आणि ती मुलगी जगली. आता मला कुणी तो वाक्प्रचार वापरलेला ऐकला की आत काहीतरी दुखतं. आपल्याच भाषेत पाठराखण पण आहे, पाठीशी उभं राहणं पण आहे, पण शिकवताना आधी पळणाराच शिकवतात.

त्या दोन दिवसांत फोन मात्र भरपूर आले. आणि मला सांगायला त्रास होतो, पण बहुतेकांचा पहिला प्रश्न मामाच्या खांद्याबद्दल नव्हता. मुलगी आपली का त्यांची? मारणारा कुठला? दोन्ही बाजूंनी विचारत होते, कन्नड शेजारी पण आणि मराठी नातेवाईक पण, कारण महिनाच तसा होता, कुणालाही गोष्ट आपल्या बाजूला ओढायची होती. ती मुलगी कन्नड घरातली होती, मारणाराही तिकडचाच, तिच्या ओळखीतला, लग्नाला नाही म्हटल्याचा राग. मराठी हमालाने कन्नड मुलीला वाचवलं अशी हेडिंग फिरायला लागली. चांगल्या मनाने लिहिलेली असतील, तरी मला ती आवडली नाहीत. मामाला मी वाचून दाखवली तर तो म्हणाला, "अव्वा म्हणू दे नाहीतर आई म्हणू दे, पोर ओरडली की ओरडली." आणि मग विचारलं की त्या तांदळाच्या पोत्याचं काय झालं, फुटलं काय, शेठ पैसे कापेल काय.

सत्कार झाला २६ जानेवारीला. पेठेतल्या व्यापाऱ्यांनी आणि बाजूच्या गल्लीच्या मंडळाने मिळून केला, झेंडावंदनानंतर, एक छोटा मांडव, खुर्च्या, माइक. मामा कधी स्टेजवर चढलेला नाही, मंडळाच्या आरासेचं सामान वाहून स्टेजखाली ठेवलंय फक्त. २६ जानेवारी आमच्या नंदगडच्या लोकांना दोन कारणांनी माहीत असते. प्रजासत्ताक दिन तर आहेच, पण १८३१ साली त्याच तारखेला संगोळ्ळी रायण्णाला नंदगडला वडाच्या झाडाला फाशी दिलं इंग्रजांनी. तो राजा नव्हता, सरदार नव्हता, कित्तूरचा शेतसनदी होता, म्हणजे गावची चाकरी करणारा माणूस. मूल व्हावं म्हणून बायका अजून त्या वडाला छोटे पाळणे बांधतात. माझ्या आजीनेही बांधला होता, मामाच्या आधी. हे मला मामीने त्या दिवशी मांडवात कानात सांगितलं, आणि मग पदर तोंडाला लावून रडायला लागली, आणि माइकवर कुणीतरी मामाचं नाव चुकवून वाचत होतं.

भाषणं झाली. वाघासारखा तुटून पडला, असं एक जण म्हणाला. मर्द मराठा असं एक जण म्हणाला. मला उठून सांगावंसं वाटत होतं की नाही हो, तुटून नाही पडला, तो वाकला, त्याने हातातलं लोखंड टाकून दिलं, तुम्ही ते का नाही सांगत. मग फोटोवाला आला आणि तो आकडा. बाकी सगळ्याला मामा होय होय म्हणत होता, फेटा बांधून घेतला, शाल घेतली, नारळ घेतला, पण आकड्याला नाही म्हणाला. त्याचा स्वतःचा आकडा तेव्हा पोलिसांकडे जमा होता, मुद्देमाल म्हणून.

पुण्याला परत गेल्यावर मी बरंच वाचत बसले, की असल्या माणसांना देश काय देतो. जीवन रक्षा पदक आहे, १९६१ पासून, त्यात सर्वोत्तम, उत्तम आणि नुसतं जीवन रक्षा अशा तीन पायऱ्या. पाण्यात बुडणारा, आगीत अडकलेला, अपघात, शॉक, दरड, जनावराचा हल्ला, खाण, अशी उदाहरणं दिलेली असतात. माणसाने माणसावर केलेला हल्ला त्या उदाहरणांत लिहिलेला नाही. ते वाचून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

आणि मला मग तुकाराम ओंबळे आठवले. साताऱ्याकडचे, जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र, गिरगाव चौपाटी, हातात फक्त काठी, आणि त्यांनी समोरच्या एके-४७ ची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगात जात असताना सोडली नाही, म्हणून तो दहशतवादी जिवंत सापडला. त्यांना अशोक चक्र मिळालं, मरणोत्तर. आपण त्यांच्याबद्दल बोलताना लढले म्हणतो, आणि ते पोलिस होते, लढलेच, पण मला त्या नळीवरचे ते दोन हात दिसतात. ते मारत नव्हते. ते धरत होते, मागच्या सहकाऱ्यांकडे नळी वळू नये म्हणून.

आणि तो वांगणी स्टेशनवरचा पॉइंट्समन, मयूर शेळके, १७ एप्रिल २०२१. प्लॅटफॉर्मच्या कडेनं चालणारी आई, तिला दिसत नाही, तिचं पोर रुळांवर पडलं आणि समोरून एक्स्प्रेस. तो रुळांवरून गाडीच्या दिशेने पळाला, पोराला वर टाकलं, स्वतः वर चढला आणि गाडी गेली. सीसीटीव्हीत ते सगळं दिसतं, बघताना आपलाच श्वास थांबतो. रेल्वेने पन्नास हजार दिले त्यातले अर्धे त्याने त्या पोरासाठी देऊन टाकले. मला त्याच्यातलं आवडतं ते हे की रूळ ही त्याची रोजची जागा होती. दुसऱ्या कुणाला त्या रुळांची भीती वाटली असती, त्याला गाडी किती लांब आहे ते पायांना माहीत होतं. मामाला पाठीला माहीत होतं तसं. आपण सत्कार करतो तो त्या अर्ध्या मिनिटाचा, पण ते अर्धं मिनिट रोजच्या कामातून आलेलं असतं, आणि त्या कामाकडे आपण वर्षानुवर्षं बघत पण नाही. रविवार पेठेत मी शंभर वेळा गेलेय आणि हमाल आला की "जरा बाजूला व्हा हो" एवढंच म्हटलंय, मामा सोडून कुणाचा चेहरा मला सांगता येणार नाही.

काम गेलं ते वेगळंच. खांदा बसला तो बसलाच, हात वर जात नाही. महाराष्ट्रात माथाडी कायदा आहे, १९६९ चा, अण्णासाहेब पाटलांसारख्या माणसांनी रस्त्यावर उतरून मिळवलेला, त्यात हमालांसाठी मंडळं, नोंदणी, हजेरी, भविष्यनिर्वाह निधी असं काहीतरी उभं राहिलं. सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्याच्या अलीकडे, कर्नाटकात, तो कायदा येत नाही. कागलचा हमाल आणि निपाणीचा हमाल, मध्ये वीसेक किलोमीटर, पोतं तेच, पाठ तीच. सीमेवर बोर्ड कुठल्या भाषेत असावा यावर आपण किती बोलतो, आणि मीही बोलते, मला ते महत्त्वाचं वाटतं. पण या वीसेक किलोमीटरबद्दल मी कधी कुणाला भाषण करताना ऐकलं नाही.

पुढच्या वर्षी, २०२३ च्या डिसेंबरात, बेळगावजवळ वंटमुरीत ते झालं. मुलगा मुलीला घेऊन गेला म्हणून मुलाच्या आईला घरातून ओढून काढलं, विवस्त्र केलं, खांबाला बांधलं. बेळगावातच सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन चालू होतं त्याच दिवसांत. हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली आणि बघत उभ्या राहिलेल्या लोकांना फार कडक शब्दांत सुनावलं, आणि एक जण मध्ये पडला होता, त्याने मारही खाल्ला होता, त्याचं कौतुक केलं. मामाने ती बातमी मला परत वाचायला लावली. एकच होता काय, म्हणाला. मी म्हटलं हो, एकच. मग बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "पेठेत पण किती जण होते त्या दिवशी. वाईट नव्हते गे कुणी. हातात मोबाइल होता, तो टाकायचं सुचलं नाही."

कोर्टाची तारीख लागली २०२४ मध्ये. अपघातात मदत करणाऱ्याला आता कायद्याचं थोडं संरक्षण आहे, सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं पक्की केली, मग मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम आलं, साक्ष द्यायची सक्ती नाही वगैरे. मामाचं प्रकरण अपघाताचं नव्हतं, त्यामुळे तारखांना जावं लागलं. चार वेळा गेला, तीन वेळा पुढची तारीख. प्रत्येक वेळी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली, आणि प्रत्येक वेळी इस्त्रीचा शर्ट. चौथ्या वेळी मी बरोबर होते. मामाला कन्नड बोलता येतं अस्खलित, वाचता येत नाही.

समोरच्या वकिलाने एका पाकिटातून तो आकडा काढून दाखवला. दीड वर्षाने मामाने तो बघितला, गंज चढायला लागलेला. हा तुमचाच का. होय. घटनेच्या वेळी तुमच्या हातात होता का. होता. म्हणजे तुमच्याकडेही हत्यार होतं. मामा म्हणाला, हत्यार न्हवं, अवजार. वकील म्हणाला, टोक तर आहे की. आधी तुम्हीच वार केला असं माझं म्हणणं आहे. मामा गप्प. मला वाटलं आता गडबडतो. मग न्यायाधीशांनीच विचारलं, कन्नडमध्ये, अगदी साध्या आवाजात, की तो तुमच्यापासून वीस फुटांवर सापडला, तिथं कसा गेला? मामा म्हणाला, "मी टाकला साहेब." का टाकला? आणि मामाने तेच सांगितलं जे मला हॉस्पिटलात सांगितलं होतं, फक्त कन्नडमध्ये. तिथं लिहून घेणाऱ्या बाईंची बोटं जराशी थांबली आणि परत टाइप करायला लागली.

निकालाचं मी इथं लिहीत नाही. त्या मुलीचं पुढे सगळं आयुष्य आहे आणि तिची गोष्ट तिची आहे.

आता मामा पेठेतच असतो, पोती शिवतो. दाभण आणि सुतळी. डाव्या हाताने शिकला, दोन-तीन महिने बोटांना भोकं पडत होती, आता पोत्याचं तोंड असं झरझर बंद करतो की बघत राहावं. हमालीपेक्षा पैसे कमी. पण बसून काम, त्यामुळे आता त्याचा चेहरा दिसतो सगळ्यांना, जाता-येता लोक हाक मारतात. मला हे फार बरं वाटतं, का ते नीट सांगता येत नाही.

गेल्या संक्रांतीला मी घरी होते तेव्हा त्या मुलीचे वडील आले. बैलहोंगलकडचे, शेतकरी, डोक्याला पांढरं मुंडासं, रिक्षातून उतरले आणि मागून अर्धं पोतं जोंधळ्याचं काढायला लागले. नवं पीक नव्हतं आलं अजून, घरातल्या पेवातलं असणार. मामा दारात उभा होता. पोतं बघितल्याबरोबर, मी खरंच सांगते, त्याने काही विचार न करता पाठ फिरवली आणि गुडघ्यात वाकला, रोजचं असल्यासारखं, घाला म्हणून. ते वडील घाबरून म्हणाले, "ब्याडरी अण्णा, ब्याडरी," म्हणजे नको दादा, नको, आणि पोतं परत खाली टेकवलं. मामा तसाच वाकलेला. मामी आतून ओरडली, खांदा, खांदा!

मग दोघांनी पोत्याचा एकेक कान धरला, मामाने डाव्या हाताने, आणि उंबऱ्यावरून आत आणलं. टीव्हीच्या खाली ठेवलं. वडील वर फोटोकडे बघत उभे राहिले आणि मामाला विचारलं, या फोटोत तुम्ही नको नको काय म्हणताय?

मामी चहा टाकायला आत गेली. मामा म्हणाला, बसा, सांगतो.